विहिरीची मसावात

बी.एस्सी.ला आम्हाला गणिताचे तीन पर्चे, म्हणजे पेपर, होते आणि त्यातला तिसरा होता 'तफरकी मसावात'. आजची मुलं त्याला डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणतात, मराठी पुस्तकात अवकल समीकरणं असं छापलेलं असतं; मसावात म्हणजे समीकरण. पण ते दिवस निजामाच्या राज्यातले होते, तिकडे महायुद्ध चालू होतं, आणि हैदराबादच्या आमच्या कॉलेजात सगळे विषय उर्दूतून शिकवले जात. गणितसुद्धा. 'क्ष'ला आम्ही 'ला' म्हणायचो, 'य'ला 'मा'. फळ्यावर समीकरण उजवीकडून डावीकडे चालायचं. 'मा' किती वेगानं बदलतो हे लिहायचं असलं की 'फर-मा बर फर-ला' लिहायचं.

भाषेची मला अडचण नव्हती. जालन्याच्या शाळेत मी वरच्या वर्गांपासून उर्दूतूनच शिकलो होतो. अडचण अशी होती, की हा पर्चा नेमका कशाबद्दल आहे तेच मला कळत नव्हतं. गणितं सुटायची. 'ला' एका बाजूला न्या, 'मा' दुसऱ्या बाजूला न्या, दोन्हीकडे तकमिला करा, म्हणजे बेरजेसारखं काहीतरी करा, उत्तर येतं. कशाचं उत्तर, ते विचारू नका. शिवाय प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक 'मुस्तकिल' लिहावा लागे, न बदलणारा एक आकडा. तो मी हमखास विसरायचो. तपासलेली वही परत आली की पानोपानी लाल शाईत एकच वाक्य दिसायचं: 'मुस्तकिल कहाँ है?'

ते वाक्य लिहिणारे आमचे प्रोफेसर म्हणजे मोठं प्रस्थ होतं. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर लाल तुर्की टोपी, खिशात साखळीचं घड्याळ. वर्गात आले की घड्याळ टेबलावर ठेवायचे आणि पुढची पन्नास मिनिटं असं तोलूनमापून उर्दू बोलायचे, की खोकायची सोय नसायची. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी कॉलेजातल्या परीक्षेत मला त्यांच्या पर्च्यात शंभरात सत्तावीस मिळाले. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी व्हायची होती म्हणून बचावलो. तोंड लपवत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जालन्याला घरी आलो.

आमचं घर जुन्या जालन्यात. बाबा तहसील कचेरीत पेशकार होते. सुट्टी लागून आठवडा झाला असेल. सकाळी आईनं आंबे आणायला पाठवलं म्हणून मी बाजारात गेलो, तर एका टोपलीपाशी बरीच वादावादी चालली होती. पांढरा पायजमा, साधा सदरा आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेले एक गृहस्थ पाठमोरे उभे होते आणि आंबेवाल्याला खणखणीत मराठीत सुनावत होते:

"ओ मामा, बराबर तोला की. वरचा पिकला आंबा काढून राह्यले अन् खालून कच्चा घालून राह्यले, मला दिसत न्हाई का?"

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी पुढे होऊन पाहिलं, आणि माझ्या हातातली पिशवी गळून पडली. ते आमचे प्रोफेसर होते.

त्यांनीही मला पाहिलं. "अरे!" ते म्हणाले. "तिसऱ्या बाकावरचा तू. मुस्तकिल विसरणारा."

मी सलाम केला. मग विचारलं, "सर, तुम्ही मराठी बोलता?"

"बोलतो म्हणजे? मी इथलाच आहे. पलीकडच्या गल्लीत माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं सगळं गिऱ्हाईक तुमच्यातलं." मग ते जरा पुढे वाकून म्हणाले, "कॉलेजात कुणाला सांगू नको. मराठी बोललो तर तिकडची आपली पोरं घरच्यासारखी अंगाशी येतील. मंग शिकवायचं कुणाला?" आणि ते हसले. हसताना त्यांच्या समोरच्या दोन दातांमधली फट दिसत होती.

आंबे घेऊन झाल्यावर त्यांनी माझ्या पिशवीतला एक आंबा काढून हुंगला, परत ठेवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी सातला घरी ये. वही आण. सत्तावीस मार्कावर तुला बी.एस्सी. कोण देणार?"

असा माझा तफरकी मसावातचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, तोही जुन्या जालन्यातल्या एका ओसरीवर. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून ते पाटीवर शिकवायचे. पहिले दोन दिवस त्यांनी मला नुसती गणितं घातली. मी भराभर सोडवली. दोनदा मुस्तकिल विसरलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी बाजूला ठेवली.

"तुला येतं तर सगळं. मंग अडतं कुठं?"

मी धीर करून खरं ते सांगितलं. "सर, करता येतं. पण हे सगळं कशाबद्दल आहे तेच कळत न्हाई."

मला वाटलं आता रागावतील. पण त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी अशी कोणती चीज आहे, जी सारखी बदलते?"

"आमच्या घरी?" मी विचार केला. घरात त्या दिवसांत एकाच गोष्टीचा विषय असायचा, तोच तोंडात आला. "विहिरीचं पाणी."

"ते कसं बदलतं, सांग."

मग मी त्यांना आमच्या बागेचं भांडण सांगितलं. गावाबाहेर कुंडलिका नदीच्या काठाजवळ आमची पेरूची आणि केळीची बाग होती. ती मूळची आजोबांच्या वेळची, पुढे वाटणीत अर्धी बाबांकडे आणि अर्धी बाबांच्या चुलतभावाकडे आली. त्यांना मी काका म्हणत असे. जमीन वाटता आली, विहीर एकच राहिली. म्हणून ठरलं होतं, की एक दिवस मोट आमची, एक दिवस काकांची. पहाटे मोट सुरू व्हायची, नऊच्या सुमारास विहीर तळाला लागायची, मग दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही, तिला भरू द्यायचं. उन्हाळ्यात एक दिवसाआड मिळणारं पाणी दोघांनाही पुरत नव्हतं. केळी माना टाकू लागल्या, की काका म्हणायचे तुमची मोट जास्त चालते, आणि बाबा म्हणायचे तुमची. दोन वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

प्रोफेसरांनी भांडणाचा भाग कानाआड केला. "थांब, थांब," ते म्हणाले. "विहीर रिकामी झाल्यावर पाणी सुरुवातीला जोरात येतं का हळू?"

"जोरात येत असावं."

"अन् भरत आल्यावर?"

"हळू."

"किती हळू?"

"ते कुणी मोजलं न्हाई."

ते ताडकन उठले. कोपऱ्यातल्या चपला पायात घालत म्हणाले, "अरे, पुस्तकात ही मसावात दुसऱ्या धड्यात आहे! विहीर जितकी रिकामी, तितका भरण्याचा वेग जास्त. वेग हा उरलेल्या रिकाम्या जागेच्या हिशेबात. फर-मा बर फर-ला, बस्स! तुझ्या घरी विहीर आहे अन् तू मला विचारतो हे कशाबद्दल आहे? चल, वडलांकडं चल."

बाबांची गाठ कचेरीत पडली. हैदराबादचे प्रोफेसर आपली विहीर मोजायला येणार, हे ऐकून ते आधी गोंधळले आणि मग संकोचले. "साहेब, तुम्हाला कशाला तसदी," असं दोनतीनदा म्हणाले. पण प्रोफेसर ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती, तोच दिवस ठरला.

पहाटे बाबांनी मोट धरायला सांगितली. आमचा मोटकरी पन्नाशीचा माणूस होता, अंगानं वाळलेला पण आवाजानं दणकट. मोटा मोजायला तो थारोळ्याच्या कडेला, जिथं मोट ओतली जाते तिथं, चिंचोके मांडत जायचा. नऊ वाजता त्यानं बैल सोडले. तळाला दोन हात पाणी उरलं होतं, त्याखाली मोट बुडत नाही. एवढ्यात काका छत्री घेऊन आले आणि कुणाशी काही न बोलता विहिरीपलीकडच्या दगडावर बसले. आपल्या नकळत पाणी उपसतील अशी त्यांना शंका असावी. ते दिवसभर तिथून हलले नाहीत.

मी घरून एक सुंभ आणला होता. प्रोफेसरांनी त्याला हाताहातावर गाठी मारून घेतल्या आणि टोकाला धोंडा बांधला. तो तळापर्यंत सोडायचा, वर ओढायचा आणि ओल कितव्या गाठीपर्यंत आली ते पाहायचं. गाठीच्या वर किती ते बोटांनी मोजायचं, चोवीस बोटांचा एक हात. प्रोफेसरांनी खिशातलं घड्याळ काढून धावेवर, म्हणजे बैल ज्या उतारावरून चालतात तिथं, एका सपाट दगडावर ठेवलं.

"नऊ वाजले. दोन हात. लिही."

मी पाटीवर लिहिलं.

दहा वाजता दोर सोडला. पाणी सत्तेचाळीस बोटं चढलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन हात. अकराला पाहिलं तर त्या तासात चाळीस बोटं. बाराला चौतीस.

"काय दिसतं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"कमी होत चाललंय."

"ते तुझा मोटकरीही सांगेल. किती कमी?"

मी पाटी मांडीवर घेतली. सत्तेचाळीसवरून चाळीस, चाळीसवरून चौतीस. सात कमी, मग सहा कमी. वजाबाकी जुळेना. मग भागाकार करून पाहिला, आणि ओरडलोच. "सर! प्रत्येक वेळी सातातला एक हिस्सा जातोय. सहा हिस्से उरतायत. दोन्ही वेळा!"

"आता पुढच्या तासाचं सांग. दोर सोडायच्या आधी."

चौतीसचे सात हिस्से, त्यातले सहा. "एकोणतीस बोटं."

पुढचा तास मी विहिरीच्या काठावरून हललो नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. बाबांनी झाडाखाली भाकरी सोडली, मला हाक मारली, मी गेलो नाही. विहिरीत डोकावून बसलो होतो. काळंभोर पाणी दगडाच्या एकेका थरावर चढत होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला असं वाटत होतं, की मी शिकलेली गोष्ट समोर घडते आहे. एक वाजला. दोर सोडला, ओढला, बोटं मोजली.

तेवीस.

पुन्हा सोडला. पुन्हा तेवीस.

माझा चेहरा पडला. पलीकडून काका पहिल्यांदा बोलले, तेही आभाळाकडे बघून. "विहीर काय शाळेत जाती व्हय?"

मला वाटलं प्रोफेसरही हिरमुसतील. त्यांचे तर डोळे चमकायला लागले. ते उकिडवे बसून पाटीकडे बघत राहिले. "चूक आपली आहे की विहिरीची?" ते स्वतःशीच म्हणाले. "एकाएकी सहा बोटं गेली कुठं? बाराला पाणी किती हातावर होतं?"

"सात हातावर, सर. सातवी गाठ नुकतीच बुडाली होती."

मोटकरी झाडाखाली भाकरी खात होता. त्यानं घास हातातच धरून मान वर केली. "सात हातावं? मंग तसंच व्हायचं. सात हाताला उगवतीच्या अंगाला आडवा झरा हाय. म्या सोत्ता पाह्यलाय, गाळ काढाया उतरल्तो तवा. पाणी खाली आसंल तवर तो मोकळा वाह्यतो. पाणी त्याच्या तोंडाशी आलं का दबतो."

प्रोफेसरांनी गर्रकन मान वळवली. "दबतो म्हणजे बंद होतो?"

"बंदच म्हना की."

"अन् तळाचे झरे?"

"त्ये चालूच ऱ्हात्येत."

प्रोफेसर उठून मोटकऱ्याजवळ गेले आणि त्याच्यासमोर मातीत बसले. पायजमा पांढरा होता, त्याची त्यांना फिकीर नव्हती. "मामा," ते म्हणाले, "कॉलेजात पुस्तकांनी भरलेली एक मोठी खोली आहे. त्यातल्या एकाही पुस्तकात हे न्हाई." मोटकरी लाजला आणि त्यानं त्यांच्यापुढे कांदा ठेवला. तो त्यांनी खाल्ला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता दोन तुकडे झाले. सात हाताच्या खाली एक मसावात, वर दुसरी. खालच्या मसावातीत एक जास्तीचा झरा आहे, वरच्यात न्हाई. पण सातातला एक हिस्सा जायचा तो जायलाच पाहिजे, कारण तळाचे झरे तेच आहेत. जातो का बघ."

दोन वाजता मोजलं. वीस बोटं. तेविसाचे सात हिस्से केले, त्यातले सहा घेतले, की एकोणीस आणि वर थोडं. एवढा फरक तर दोराच्या ओलीत जातो. मी उडीच मारली. मोटकरीही उठून पाटी बघायला आला, जरी त्याला वाचता येत नव्हतं.

"आता पाच वाजताचं सांग," प्रोफेसर म्हणाले. "पाटीवर लिही अन् पाटी त्या काकांच्या हातात दे. त्यांनी ती बघायची, पाच वाजता."

मी लिहायला बसलो. 'मा' एका बाजूला, 'ला' दुसऱ्या बाजूला. तकमिला. हात भराभर चालत होता. उत्तर आलं, आणि शेवटी पेन्सिल थांबली. काहीतरी कमी होतं. वेग माहीत होता, तो कसा कमी होतो ते माहीत होतं, पण पाणी आहे किती, ते या ओळीत कुठंच नव्हतं. ही ओळ आमच्या विहिरीची होती, तशीच अशाच झऱ्यांच्या दुसऱ्या कुठल्याही विहिरीची असू शकली असती. आमची विहीर कोणती, हे कुठून कळणार?

"सर," मी म्हणालो, "दोन वाजता पाणी किती होतं ते घालावं लागेल. त्याशिवाय ही आमची विहीर होतच न्हाई."

ते पाटीवर वाकले.

"तो मुस्तकिल आहे," मी म्हणालो. "सुरुवात कुठून झाली, तोच मुस्तकिल."

"वर्षभर लाल शाई गेली माझी," ते म्हणाले.

मी लिहिलं: दहा हात सोळा बोटं. पाटी काकांना नेऊन दिली. काकांनी ती पालथी करून मांडीवर ठेवली आणि छत्री तिच्यावर आडवी धरली.

ते तीन तास मला किती लांब वाटले ते सांगता येत नाही. तीन वाजता आणि चार वाजता दोर सोडायचा नाही, असं प्रोफेसरांनी बजावलं होतं. ते स्वतः पेरूच्या झाडाखाली डोक्यावर रुमाल घेऊन झोपले. मी झोपेन कसा? मी बागेत फेऱ्या मारल्या, पाट साफ केला, बैलांना पाणी दाखवलं. जेवून कचेरीत गेलेले बाबा साडेचारला काम उरकून परत आले, तर त्यांच्याबरोबर कचेरीतले दोन कारकूनही होते. ही बातमी तिथं कशी पोचली कोण जाणे.

पाच वाजले. प्रोफेसरांनी दोर माझ्या हातात न देता मोटकऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो सोडला, धोंडा टेकला, सावकाश वर ओढला. दहावी गाठ ओली. त्याच्या वर बोटं मोजायला बाबा खाली बसले. "चौदा... पंधरा... सोळा..." आणि जरासं थांबून, "सतरा."

काकांनी पाटी सुलटी केली. डोळ्यांजवळ नेऊन वाचली. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही: ते दगडावरून उठले, विहिरीला वळसा घालून आमच्या बाजूला आले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाबांशी बोलले.

"पोरगं एका बोटानं चुकलं," ते म्हणाले.

बाबा हसायला लागले. मी धावेवरून खालपर्यंत पळत गेलो आणि परत वर आलो. वीस वर्षांचा घोडा होतो मी, बी.एस्सी.त शिकत होतो, दोन कारकून बघत होते, आणि मी बैलाच्या वाटेनं पळत होतो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. त्या दिवशी पाळी काकांची. मोट धरायच्या आधी मी जाऊन दोर सोडला. रात्रभरात, पाच ते पाच, पूर्ण बारा तासांत पाणी पावणेतीन हात चढलं होतं. काल दिवसाच्या आठ तासांत ते साडेआठ हातांहून जास्त चढलं होतं. मी तिथंच उभा राहिलो. एवढे दिवस आम्ही विहिरीला 'भरू देत' होतो, आणि भरत आलेली विहीर जवळजवळ काहीच घेत नव्हती. ती भरते ती रिकामी असताना.

मी पळत प्रोफेसरांच्या घरी गेलो. ते दात घासत होते. मी ओसरीवरच सांगितलं, "सर, दिवसातून दोनदा उपसायला पाहिजे! सकाळी एकानं, दुपारी चारला दुसऱ्यानं. विहीर सारखी रिकामी ठेवायची, मंग ती सारखी जोरात भरेल."

त्यांनी चूळ भरली. "किती जास्त मिळेल?"

त्यांच्या पाटीवर मी आकडे मांडले. "दीडपट. थोडं जास्तच."

"मंग मला कशाला सांगतो? काकांना सांग."

काका सहजासहजी ऐकणारे नव्हते. अर्ध्या विहिरीवर मोट धरू नये, असं त्यांच्या वडलांनी सांगितलेलं होतं. बैलांना उन्हाचा त्रास होईल, असंही म्हणाले. बाबा म्हणाले, चारनंतर ऊन उतरतं. काका म्हणाले, संध्याकाळचं पाणी मुळांना बाधतं. बाबा म्हणाले, कुणी सांगितलं? असं दोघांचं समोरासमोर बराच वेळ चाललं, आणि मला तेच ऐकायला बरं वाटत होतं. शेवटी काका म्हणाले, "आठ दिवस. आठ दिवसांत न्हाई जमलं तर पुन्हा हे पाटीचं नाव काढायचं न्हाई."

आठ दिवस सकाळची मोट आमची आणि दुपारची काकांची चालली. मोटकरी दोन्ही वेळचे चिंचोके वेगळे ठेवायचा. आधी दिवसाला पावणेदोनशेच्या आसपास मोटा निघायच्या, तेवढ्यात विहीर खलास. आता सकाळी दीडशे निघू लागल्या आणि दुपारी सव्वाशे. तिसऱ्या दिवशी काकांनी चिंचोके स्वतः मोजले. चौथ्या दिवशी पुन्हा मोजले. नववा दिवस उजाडला तेव्हा कुणी काही बोललं नाही, मोट आपली चालू राहिली. फक्त सकाळी पंचवीस मोटा जास्त मिळतात, हे काकांच्या ध्यानात आलं, म्हणून दर आठवड्याला पाळी उलटी करायची असं ठरलं. त्या उन्हाळ्यात दोन्हीकडच्या केळी टिकल्या.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं. प्रोफेसर शेरवानीत आणि लाल टोपीत वर्गात आले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि अस्सल उर्दूत म्हणाले, की आज एक विद्यार्थी एका विहिरीबद्दल बोलेल. मला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं. मी सगळं सांगितलं, सत्तेचाळीस, चाळीस, चौतीस, मग तेवीस. तेवीस लिहिल्यावर मी थांबलो आणि वर्गाला विचारलं, का? कुणालाच सांगता आलं नाही. मोटकऱ्याचा झरा मी शेवटी सांगितला, तेव्हा मागच्या बाकांवरून "वाह!" असा आवाज आला. प्रोफेसर खिडकीबाहेर बघत होते. दातांमधली फट मला दिसली, बाकी कुणाला दिसली नसेल.

बी.एस्सी.च्या परीक्षेत त्या पर्च्यात मला ब्याण्णव मिळाले. हे मी बाबांना तारेनं कळवलं. ती तार त्यांनी काकांना नेऊन दाखवली, आणि काकांनी म्हणे विचारलं, की राहिलेले आठ कुठं गेले?

परीक्षेनंतरच्या त्या सुट्टीत माझा मुक्काम जालन्यातच होता आणि प्रोफेसरही आले होते. आमच्या बागेची बातमी एव्हाना पसरली होती. अंबडच्या रस्त्याला मळा असलेले एक शेतकरी बैलगाडी घेऊन आम्हाला न्यायला आले. त्यांची विहीर आम्ही दिवसभर मोजली. पहिल्या तासाला तीस बोटं, दुसऱ्याला सदतीस, तिसऱ्याला अकरा, चौथ्याला पुन्हा तीस. कसलाही हिस्सा जुळेना. मळेवाल्यांना वाटलं आमचा काहीतरी घोटाळा झाला. प्रोफेसर मात्र दोराचं टोक हातात धरून विहिरीच्या काठावर उभे होते आणि लहान मुलासारखे खूश दिसत होते.

"ही कुठली मसावात आहे, सर?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "मामा, आज राहायची सोय होईल का? उद्या पुन्हा मोजू."

मळेवाले हो म्हणाले, आणि आम्ही राहिलो.